बारा वाव

होडीत आम्ही माणसं चार होतो. नांगर दोन: मोठा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, धाकटा त्याच्याच दोराच्या वेटोळ्यावर ठेवलेला. शीड एक, वल्ही दोन, लांब बांबू एक. मागं दोरीनं बांधलेलं लहान होडकं, जेमतेम दोघांच्या बसण्याचं. बॅटऱ्या तीन, त्यांतल्या दोन पेटत होत्या. जाकिटं चार. पाण्याचे कॅन, स्टोव्ह, भाताचं पातेलं, आणि आईनं पहाटे उठून केलेली सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी. ती संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही यावरून आई आणि जयवंतकाका मालवण सोडल्यापासून भांडत होते. मोबाईलला रेंज नव्हती. इंजिनही नव्हतं.

इंजिन बाबांनी मुद्दाम घरी ठेवलं होतं. ते एरवी इंजिनाच्या होडीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचे. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं होतं की शिडाच्या होडीतून दोन दिवसांची सफर काढायची, रात्री किनाऱ्यातल्या एखाद्या खोबणीत नांगर टाकून होडीतच निजायचं. पाहुण्यांना नेण्याआधी घरच्यांना नेऊन बघू, म्हणाले.

"म्हणजे आमी उंदीर," काका म्हणाला. "तुझ्या प्रयोगशाळेत असतत ना गो मास्तरीण, तसले."

"आमच्या प्रयोगशाळेत उंदीर नसतात. मी फिजिक्सला आहे."

"मगे तुमी मारतास तरी काय?"

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. काका मला उल्का म्हणून क्वचितच हाक मारायचा. तो बाबांचा धाकटा भाऊ, पण उंचीनं त्यांच्याहून वीतभर जास्त. घरात शिडाचं काम आता फक्त त्यालाच येत होतं. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला की दोन्ही हात आपोआप चौकटीला टेकायचे.

संध्याकाळी आम्ही उंडीच्या खोबणीत शिरलो. उत्तरेला उंच डोंगराचा सुळका, पूर्वेला वाळूची पुळण आणि माडांत एकच घर, आणि दक्षिणेला खडकांचा पट्टा, खडप. ओहोटी पुरती लागली होती, त्यामुळे ते खडप लांबवर उघडं पडलं होतं: काळं, कालवांच्या शिंपल्यांनी भरलेलं, करवतीच्या पात्यासारखं. काकानं बोट करून दाखवलं. "ह्या बघून ठेव. भरतीक हेच्यातला काय्येक दिसाचा नाय."

अमावास्या दुसऱ्याच दिवशी होती. म्हणजे उधाण. मध्यरात्रीच्या सुमारास पाणी भरणार आणि चांगलं पुरुषभर चढणार, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकानं शीड उतरवलं, दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडली, तळाला लागल्यावर ताठ केली आणि वर ओढत हात पसरून मोजली. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. आमच्याकडे समुद्रातलं सगळं वावेनंच मोजतात.

"पाणी तीन वाव!" काका ओरडला. मग नांगराला हात घालता घालता थांबला आणि मागं वळून आईकडे बघून हसला. "दादा, नव्या शिडाचो पयलो नांगर घरच्या लक्ष्मीन टाकूक व्हयो. काय म्हणतंस?"

बाबा सुकाणूवर होते. आमच्या घरात रीत होती: जो पाणी मापतो, तोच नांगर टाकतो आणि तोच दोर सोडतो. आजोबांच्या वेळी कुणी मधे हात घातला तर ते चिडायचे. तो मानाचा भाग आहे असं सगळे धरून चालत. आज काका आपला मान आईला देत होता. बाबांना ते आवडलं. "टाकू दे," ते म्हणाले.

"माका कित्याक?" आई म्हणाली, पण पदर खोचून पुढं गेली सुद्धा. "दोर किती सोडू?"

"पाण्याच्या चौपट. बारा वाव. कपडे सुकत घालूची दोरी मोजतंस, तशीच मोज. चुकू नको हां वयनी, नायतर सकाळी गोव्यात उठू."

"भावजी, तुमची कढी आज समुद्राक."

आईनं नांगर सोडला. नाळेवर उभी राहून, हात पूर्ण ताणून, मोठ्यानं आकडे म्हणत तिनं दोर मोजला. एकही चुकला नाही. मी तिच्यासोबत मनात मोजत होते. बारा झाल्यावर तिनं दोर खुंटाला गुंडाळला, काकानं गाठ तपासली, बाबांनी दोर ओढून बघितला. नांगर धरला होता. आईनं हात पुसले आणि कधी नव्हे ती काकाला दुसऱ्यांदा कढी वाढली. कढी टिकली होती.

पहिली पाळी माझी होती. झोप येऊ नये म्हणून मी एक खूण धरली. किनाऱ्यावरच्या त्या घराच्या ओटीवर पिवळा दिवा जळत होता आणि त्याच्या बरोबर वर, मागच्या डोंगराच्या कडेत एक खाच होती. चांदण्यांमुळे ती खाच दिसायची. होडी जागेवर असेल तोवर दिवा आणि खाच एका रेषेत राहतील. होडी नांगराभोवती फिरली तर दिवा थोडा इकडे, थोडा तिकडे होईल आणि परत येईल.

रात्री वारा बदलला. दिवसभर समुद्राकडून येणारा खारा वारा पडला आणि जमिनीवरून मतलई सुरू झाली. ती नेहमीच येते. पण त्या रात्री उत्तरेकडच्या डोंगराच्या घळीतून ती झटक्या-झटक्यानं उतरत होती, गार आणि जड. होडीनं तोंड फिरवलं. दिवा खाचेच्या डावीकडे सरकला. मी थांबले. होडी फिरून स्थिर झाली की दिवाही थांबेल असं माझं गणित होतं.

तो थांबला नाही.

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. खाचेपासून दिव्यापर्यंत आता माझ्या लांब धरलेल्या हाताची दोन बोटं मावत होती. थोड्या वेळानं तीन. मग मला एक आवाज ऐकू आला, जो आधी नव्हता. पाठीमागून, दक्षिणेकडून. कुणीतरी अंधारात मोठ्या तोंडानं पाणी पिऊन ते पुन्हा थुंकावं, तसा.

"काका." मी त्याचा पाय हलवला. "काका, दिवा सरकतोय."

"दिवो खंय सरकता गो? नीज."

"काका, खडप ऐकू येतंय."

तो एका झटक्यात उठला. नाळेवर जाऊन त्यानं नांगराच्या दोरावर तळवा ठेवला, डॉक्टर नाडीवर ठेवतात तसा. मी पण ठेवला. दोर थरथरत होता. मधेच एकदम सैल पडायचा, पुन्हा थरथरायचा. खाली नांगर पुळणीवर नुसता घसटत चालला होता.

"दादा! ऊठ! नांगर धरणा नाय!"

बाबा आणि आई दोघंही उठले. काकानं बॅटरी मागं मारली. पाणी दिसलं, फक्त पाणी, पण सुकाणूपासून फार लांब नसलेल्या एका जागी ते सारखं पांढरं होत होतं. संध्याकाळी बघितलेलं खडप आता पाण्याखाली होतं आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून चाललो होतो.

"दोर सोडूया?" आईनं विचारलं.

"सोडून जातलव खंय? जितको सोडू तितक्या मागे जातलव."

"शीड?"

"ह्या काळोखात? उलटो हिसको बसलो तर थेट खडपार." काकाचा आवाज चढला होता. त्याचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. घाबरलेला माणूस इतका मोठा असला की भीती जास्त वाटते. "धाकटो नांगर हयच टाकूनसुद्धा काय उपेग नाय. वाऱ्याच्या तोंडाक लांब नेवन टाकूक व्हयो."

बाबा तोवर लहान होडकं ओढून बाजूला घेत होते.

"मी जातंय," काका म्हणाला.

"तू हयच रव. खडप आला तर बांबू कोण धरतलो? तुझे हात लांब." बाबांनी जाकीट घातलं, पट्टे आवळले. रोज पर्यटकांना दटावत ते जसं घालायला लावायचे, अगदी तसं. मग धाकटा नांगर होडक्यात घेतला. त्याच्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "उल्का, मी वल्हवत जाईन तसा दोर सोडत जा. नांगर टाकलो की तीन हिसके देतंय. तीन. तेच्या आधी ओढूक नको."

"बाबा, बॅटरी."

"बांधलंय होडक्याक."

आई पुढं झाली. तिनं त्यांच्या खांद्याला नुसता हात लावला आणि काढून घेतला.

ते निघाले. दोर माझ्या तळव्यातून सरकत होता. काका मागं जाऊन बांबू घेऊन उभा राहिला. आई माझ्या बाजूला. आम्ही दोघी त्या बॅटरीच्या ठिपक्याकडे बघत होतो. वाऱ्याचा झटका आला की ठिपका थांबायचा, मग वल्ह्याच्या दोन-तीन ओढींनी पुढं जायचा. मागं खडपाचा आवाज आता छातीत जाणवत होता. जाकीट माणसाला तरंगवतं. खडपापासून लांब ठेवत नाही. हे मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं.

ठिपका थांबला. खाली-वर झाला. बाबा उभे राहून नांगर उचलत असणार.

मग ठिपका विझला.

"टाकल्यानी," आई म्हणाली. "टाकल्यानी ना गो? हिसके इले?"

हिसके आले नव्हते. दोर सैल होता. मी थोडासा ओढून घेतला, तरी सैलच. मी मोजत होते कशाला कुणास ठाऊक, पण आकडे आपोआप चालले होते. आणि मग आमच्या होडीच्या कुशीवर काहीतरी लाकडी आपटलं. काकानं बॅटरी मारली. लहान होडकं होतं. उलटं. वाऱ्यानं आमच्याकडे आलेलं, रिकामं. ते आमच्या बाजूनं घासत मागं गेलं आणि थोड्या वेळानं खडपावर त्याचा आवाज आला. एकदाच. फांदी मोडावी तसा.

"रमाकांतऽऽ!"

आईनं बाबांना नावानं हाक मारली. माझ्या जन्मात मी ती पहिल्यांदा ऐकली. ती पुन्हा पुन्हा तेच नाव घेत होती आणि वारा ते आमच्याच तोंडावर परत फेकत होता.

"दोर ओढ, उल्का!" काका मागून ओरडला. "होडका उपडा झाला म्हणजे नांगर पडलो आसतलो! ओढ, नायतर आमी पण जातलव!"

"ओढू नको!" आईनं माझं मनगट धरलं. "दोर तेंच्या अंगाभोवती गुंतलो आसलो तर? नांगर तेंका खाली घेवन जातलो!"

"वयनी, खडाप बघ! बघ मागे!"

"ओढू नको म्हणतंय ना!"

दोघांचंही बरोबर होतं. दोर माझ्या हातात होता. मी खाली बसले, दोर दोन्ही तळव्यांत धरला आणि डोळे मिटले, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच.

दोरात ओढा होता. बारीक. लाट आली की यायचा, ओसरली की जायचा. लाटांमधलं अंतर सारखं होतं. मी ते संध्याकाळपासून नकळत मोजलेलं होतं, सात आकडे, कधी आठ. ओढा, सात, ओढा, सात, ओढा. मृत वस्तूचा ओढा. नांगर तळाला आहे, दोर लाटेवर हलतो आहे, बाकी काही नाही. मी आईला काय सांगणार होते ते मला आठवत नाही.

मग तिसऱ्या आकड्याला एक हिसका आला.

पुन्हा एक. लगेच. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा. लाटेशी त्याचा काही मेळ नव्हता.

"आहेत," मी म्हणाले. "आई, बाबा दोरावर आहेत. गुंतलेले नाहीत, हातानं धरून येतायत."

"कशावरना?"

"लाट असं ओढत नाही. काका, हिसका नको द्यायला. दोर फक्त ताठ करायचा आणि बांधायचा. सैल दोरावर त्यांना येता येत नाहीये."

काका बांबू टाकून पुढं आला. तो आणि आई दोघांनी मिळून दोर हळूहळू घेतला, झोपलेल्या पोराच्या अंगाखालचं पांघरूण काढावं तसा. दोर ताठ झाला. काकानं तो खुंटाला गुंडाळला. होडी एकदा अडखळली, नाळ वाऱ्याकडे वळली आणि थांबली. मी डोंगराकडे बघितलं. दिवा आणि खाच यांच्यातलं अंतर वाढायचं थांबलं होतं.

आता त्या एका दोरावर होडी होती आणि बाबाही होते. आणि त्या दोरातून एक आवाज यायला लागला. दोरातून खुंटात, खुंटातून फळ्यांत, फळ्यांतून माझ्या गुडघ्यांत. करकर. खाली कुठंतरी, पाण्यात, दोर तळातल्या एखाद्या सुट्या खडकावरच्या कालवांच्या कडेवरून घासत होता.

काकालाही तो ऐकू आला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. आईला सांगू नको.

किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. आई नाळेवर पालथी पडून बॅटरी दोरावर धरून होती. प्रकाश थोडाच पोचत होता. त्या प्रकाशात आधी एक हात आला, मग नारिंगी जाकीट, मग दुसरा हात. काकानं वाकून बाबांना काखेत धरलं आणि एखादं जाळं ओढावं तसं आत घेतलं.

बाबा फळीवर पडून खोकत होते. दोन्ही तळव्यांतून रक्त येत होतं. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "नांगर उचलूक गेलंय आणि होडका खालसून गेला. हिसके द्यायचे विसारलंय."

"विसारलास?" आई म्हणाली. "विसारलास?" आणि तिनं त्यांच्या पाठीवर धपाटा मारला, मग त्याच जागी डोकं टेकून रडायला लागली.

त्यानंतर कुणी झोपलं नाही. काका खुंटाजवळ बसून राहिला, तळवा दोरावर. आवाज चालूच होता. भरती पुरी झाली, पाणी उतरायला लागलं आणि पहाटे वारा पडला. दोर सैल झाला आणि तो आवाज थांबला. उजाडल्यावर खडप वर आलं. त्याचं शेवटचं टोक आमच्या सुकाणूपासून इतकं जवळ होतं की काकानं उभ्या जागेवरून बांबू लावला असता तर तो पोचला असता. त्यानं लावून बघितला नाही. लहान होडक्याची एक फळी तिथं कपारीत अडकली होती.

आई होडीच्या मध्यभागी बसली होती. बाबांच्या हातांना तिनं स्वतःच्या पदराच्या पट्ट्या बांधल्या होत्या. ती काकाला म्हणाली, "भावजी, मी बारा मोजलंय. देवाशपथ बारा."

"म्हायत आसा."

"उल्का पण मोजी होती. इचारा तेका. एक पण चुकूक नाय. असा मोजलंय, असा." ती उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले, काल नाळेवर पसरले होते तसे, बोटांच्या टोकांपर्यंत ताणून.

काका तिच्याकडे बघत राहिला. मग तो उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपले हात पसरले.

डावीकडे तिची बोटं संपली तिथं त्याचं मनगट होतं. उजवीकडेही तसंच. पाणी त्याच्या हातांनी मापलेलं होतं आणि दोर तिच्या; तिच्या बारा वाव म्हणजे त्याच्या जेमतेम दहा.

बाबांनी दोघांकडे बघितलं. "बाबा म्हणूनच कोणाक मधे हात घालूक देयत नसत," ते म्हणाले. आजोबांबद्दल.

आईचे हात अजून पसरलेलेच होते. काकानं मागून तिचे दोन्ही हात धरले आणि खाली आणले. "वयनी, तुझी वाव चुकूक नाय. माझीच लांब. मान दिलंय तुका आणि माप ठेवलंय माझा." त्यानं तिचे हात सोडले. "बस तू. माका चाय करून दी."

"दूध नासला," आई म्हणाली.

"कोरी दी."

चहा झाल्यावर आम्ही नांगर उचलले. मोठा सहज आला, पुळणीत लांब ओरखडा काढून आलेला. धाकट्याला काका आणि मी मिळून ओढलं. निम्म्याच्या पुढं दोर आला तेव्हा काका थांबला. त्यानं तेवढा भाग हातात घेतला, फिरवून बघितला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी बांधलेल्या हातांनी तो चाचपला. मग त्यांनी सुरी मागितली, दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून दोर कापला आणि तो तुकडा मला दिला.

सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तो जाडी मोजायच्या व्हर्नियरच्या जबड्यांत धरला. दोर तीन पेडांचा, जाडी चौदा मिलिमीटर. घासलेल्या जागी दोन पेड पूर्ण तुटलेले. उरलेल्या तिसऱ्याची जाडी, सगळ्यात बारीक ठिकाणी, तीन वेळा मोजून: तीन पूर्णांक चार मिलिमीटर.